अण्णांचं बीपी दवाखान्यात १६८, घरी १३४. खरं कोणतं धरायचं?

जनकगंजची_सून

नमस्कार मंडळी. आम्ही ग्वाल्हेरला लष्कर भागात राहतो. माझे सासरे, घरात सगळे त्यांना अण्णाच म्हणतात, ७४ वर्षांचे आहेत. बीपीची गोळी बरीच वर्षं चालू आहे, सकाळची एक. साखर काठावर, तिला औषध नाही. अंगाने भक्कम. तरुणपणी आखाड्यात जायचे, दंड अजून तेवढेच आहेत, फक्त आता त्यात कसरत कमी आणि कचोरी जास्त, असं सासूबाई म्हणतात.

परवा तपासणीला गेलो. धुकं इतकं की टेंपो मिळेना, म्हणून बाड्याच्या चौकापासून चालतच गेलो. दवाखाना वरच्या मजल्यावर. नशिबाने नंबर लगेच लागला. मदतनिसाने स्वेटरची बाही वर सारून पट्टा बांधला. अण्णा स्टुलावर, हात मांडीवर, आणि तो मुलगा त्यांच्या मित्राचा नातू निघाल्यामुळे मशीन फुगत असतानाही दोघांच्या गप्पा चालूच. आकडा आला १६८/९४. डॉक्टर म्हणाले गोळी वाढवावी लागेल. मी घरची वही पुढे केली. घरच्या डिजिटल मशीनवर १३४/७८, १३०/७६ असंच येतं. त्यांनी पानं उलटली आणि म्हणाले, "मग आत्ता वाढवत नाही. चोवीस तासांचं मशीन लावून बघू."

घरी आल्यावर चर्चासत्र सुरू झालं. शेजारचे काका म्हणतात डिजिटल म्हणजे खेळणं, पारा तोच खरा. नणंदेचं मनगटावर बांधायचं मशीन १४६ दाखवतं. नवऱ्याचं स्मार्ट घड्याळ १२१. एक माणूस, चार आकडे. चोवीस तासांच्या तपासणीचा खर्च करावा की आणखी चार दिवस घरीच मोजावं?

आणि एक जुना प्रश्न डोक्यात राहिलाय. गेल्या वर्षी लघवीच्या इन्फेक्शनमुळे सासूबाई आयसीयूत होत्या. मनगटात सुई घातलेली आणि स्क्रीनवर लाल लाट. लाटेवरचं बीपी ८६ आणि दुसऱ्या हाताच्या पट्ट्यावरचं १०४. विचारलं तर तिथला मुलगा म्हणाला, "दोन्ही बरोबर." दोन्ही बरोबर कसं असेल?

दाणाओळीचा_दादा

वहिनी, काका बरोबर सांगतायत. आमच्या वडिलांचं पाऱ्याचं मशीन अजून कपाटात आहे, पितळी बिजागरीचं. त्यात सेल नाही, चिप नाही, बिघडायला काही नाहीच. डिजिटलवर एका मागोमाग तीनदा मोजा, तीन वेगळे आकडे येतात. त्यावर काय भरवसा ठेवायचा? चोवीस तासांची तपासणी वगैरे पैसे काढायचे प्रकार. जाणत्या माणसाकडून पाऱ्यावर मोजून घ्या आणि मोकळे व्हा.

निवृत्त_सिस्टर

सूनबाई, माझ्या लेकीच्या वयाची दिसतेस म्हणून अगं-तुगं करते. मी ग्वाल्हेरच्याच एका रुग्णालयात नोकरी केली, आधी मेडिसिन वॉर्डात आणि नंतर आयसीयूत. कुणी मला बीपीचा आकडा सांगितला की माझा पहिला प्रश्न असतो, हात कुठे होता? तू तो न विचारताच लिहिलायस, म्हणून तुझ्या पोस्टवर बोलणं सोपं आहे.

थंडीत चालत आले, जिना चढले आणि लगेच नंबर लागला. ते नशीब बीपीच्या दृष्टीने वाईटच. मोजण्याआधी पाच मिनिटं गप्प बसायचं असतं, पाठ टेकून, पाय जमिनीवर, एकावर एक न टाकता. स्टुलाला पाठ नसते. बोलण्याने वरचा आकडा सहज दहाने चढतो. स्वेटरची बाही वर सारली की दंडावर तिचीच एक आवळपट्टी होते. बाही काढायची. अगदी पातळ सदरा असेल तर ठीक, पण ग्वाल्हेरच्या जानेवारीत पातळ सदरा कोण घालतं? आणि या वयाच्या पुरुषाला सकाळच्या चहानंतर, थंडीतून आल्यावर, लघवी लागलेली होती का हेही विचार. भरल्या मूत्राशयानेही बीपी वाढतं. लाजून सांगत नाहीत.

मग हात. पट्टा हृदयाच्या पातळीला हवा. दंड जेवढा खाली जाईल तेवढं रक्ताच्या स्तंभाचं वजन आकड्यात मिसळतं, दर सेंटिमीटरला साधारण पाऊण मिलिमीटर पारा. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या मंडळींनी हे नीट मोजून २०२४ मध्ये छापलं. टेबलावर टेकवलेल्या हाताच्या तुलनेत मांडीवरच्या हाताने वरचा आकडा सरासरी चारने जास्त येतो, नुसता लोंबत सोडला तर साडेसहाने. आपल्याकडे ओपीडीत निम्मे हात मांडीवर असतात, कारण टेबलावर पर्चे आणि स्टेपलर असतात.

पण माझा मुख्य संशय पट्ट्यावर आहे. आखाड्याचे दंड म्हणालीस. शिवणाची टेप घे, खांद्याचं हाड आणि कोपराचं हाड यांच्या बरोबर मध्ये दंडाचा घेर मोज. पट्ट्याच्या आत जी रबरी पिशवी असते ती या घेराच्या ८० टक्के लांब आणि ४० टक्के रुंद लागते. नेहमीचा मोठ्या माणसांचा पट्टा साधारण ३४ सेंटिमीटरपर्यंत चालतो, त्यापुढे मोठा पट्टा लागतो. लहान पट्टा जाड दंडावर आकडा फुगवून दाखवतो, आणि थोडाथोडका नाही. त्याच हॉपकिन्सच्या २०२३ च्या अभ्यासात, ज्यांना सगळ्यात मोठा पट्टा हवा होता त्यांना नेहमीचा बांधल्यावर वरचा आकडा सरासरी १९.५ ने जास्त आला. गोळी वाढवायला एवढं पुरतं. लहान गावातल्या दवाखान्यात मोठा पट्टा असतोच असं नाही, मागितला की कपाटात शोधाशोध सुरू होते. मागायचा. पट्ट्यावर किती ते किती सेंटिमीटर हे छापलेलं असतं, तुझ्या घरच्या मशीनचंही बघून घे.

दोन्ही हातांवर एकदा तरी मोजा. दहापेक्षा जास्त फरक सारखाच येत राहिला तर ज्या हाताचा आकडा जास्त तोच हात पुढे धरायचा. पंधराच्या वर असेल तर डॉक्टरांना सांगायचंच, एका बाजूची धमनी अरुंद झालेली असू शकते.

गोळी वाढवायच्या आधी चोवीस तासांचं मशीन सुचवणारे डॉक्टर सोडू नकोस. पांढऱ्या कोटवाल्या डॉक्टरला बघून बीपी चढणारे लोक असतात, ते सगळ्यांना माहीत असतं. याच्या उलटेही असतात, ते कळत नाहीत: दवाखान्यात शहाण्या मुलासारखे १२८, आणि घरी, कामावर, रात्री झोपेत जास्त. वही त्यातले थोडे पकडते. रात्रीचं मात्र वहीला दिसत नाही, कारण झोपलेल्या माणसाला उठवून मोजलं की ते झोपेतलं राहत नाही. म्हणून आणखी चार दिवस घरी मोजणं हे त्या तपासणीच्या जागी चालणार नाही. दोन्हींचं काम वेगळं.

मोजण्याच्या जागेप्रमाणे हद्दही बदलते, हे फार लोकांना ठाऊक नसतं. दवाखान्यात १४०/९० ही जुनी ओळखीची रेषा (अमेरिकन लोकांनी २०१७ मध्ये ती १३०/८० वर आणली, तो वाद वेगळा). घरच्या सरासरीला १३५/८५. चोवीस तासांच्या मशीनवर जागेपणी १३५/८५, झोपेत १२०/७०, सगळ्याची सरासरी १३०/८०. म्हणजे वहीतला १३४ दवाखान्याच्या १४० शी ताडून "छान आहे" म्हणायचं नाही, तो काठावरच आहे.

आता सासूबाईंची लाल लाट. हा माझा विषय, जरा लांबेल.

मनगटाच्या धमनीत जी राहते ती सुई नव्हे, बारीक प्लास्टिकची नळी. तिला कडक नळी जोडलेली, तिच्यामागे सलाइनची पिशवी दाबाच्या पट्ट्यात ३०० पर्यंत फुगवून ठेवलेली, म्हणजे रक्त उलटं येत नाही. मध्ये ट्रान्सड्यूसर, म्हणजे दाब मोजणारा सेन्सर. त्याला आम्ही आर्टलाइन म्हणतो. बीपी उचलायची औषधं थेंबाथेंबाने चालू असताना पट्टा पाच मिनिटांनी एकदा सांगतो, ही लाट प्रत्येक ठोक्याला सांगते. वरचेवर रक्त तपासायचं असेल तर सारखं टोचावंही लागत नाही.

पण लाटेचा आकडा खरा असायला तीन गोष्टी लागतात. ट्रान्सड्यूसर चौथ्या फासळीच्या फटीच्या, काखेच्या मधल्या रेषेच्या पातळीला हवा. कुणी पलंगाचं डोकं वर केलं आणि ट्रान्सड्यूसर स्टँडवर तिथेच राहिला की आकडा खोटा. दहा सेंटिमीटर खाली राहिला तर साडेसातने जास्त, वर राहिला तर तेवढाच कमी. दुसरं, त्याला हवेशी उघडून शून्य करायचं. पाळी बदलली की मी आधी ते करायची, मग रिपोर्ट घ्यायची, त्यावरून नव्या मुली तोंड वाकडं करायच्या. तिसरं, नळीत हवेचा बुडबुडा, टोकाशी गुठळी किंवा मनगट मुडपलेलं. बुडबुडा उशीसारखा धक्का गिळतो, लाट चपटी होते, वरचा आकडा खाली येतो आणि खालचा वर जातो. नळीत सलाइनचा एक झटपट फ्लश मारून लाट कशी उडते आणि कशी स्थिरावते ते बघितलं की कळतं.

बुडबुड्याच्या या गडबडीतही मधला दाब बहुतेक जागेवर राहतो. स्क्रीनवर कंसात जो तिसरा आकडा असतो तोच. ढोबळ हिशेब: खालचा, अधिक वरच्या-खालच्यातल्या फरकाचा तिसरा हिस्सा. इन्फेक्शनच्या शॉकमध्ये आम्ही औषधं त्याच्यावर ठरवायचो, तो ६५ च्या वर ठेवायचा. नातेवाईक वरचा आकडा बघून घाबरतात आणि आम्ही कंसातला बघत असतो. बीपी फार उतरलेलं असताना पट्ट्याचं मशीन पुष्कळदा खऱ्यापेक्षा जास्त दाखवतं, म्हणून लाट चांगली असेल तर लाइन धरायची आणि लाट चपटी असेल तर पट्टा. त्या मुलाला पहाटे एवढं समजावत बसायला वेळ नसेल.

ठाटीपूरचा_मशीनवाला

सिस्टरनी माणसाच्या बाजूचं सांगितलं, मी मशीनच्या बाजूचं सांगतो. दवाखान्यांची उपकरणं तपासणं, दुरुस्त करणं हा माझा धंदा आहे.

दादा, पाऱ्याचं मशीन काही ऐकत नाही. ऐकतो माणूस. १८९६ मध्ये इटलीत तुरीनला रिव्हा-रोच्चीने पट्टा आणि पारा जोडला तेव्हा त्याला फक्त वरचा आकडा मिळायचा, नाडी बोटाने चाचपून. खालचा आकडा १९०५ मध्ये कोरोत्कोव्ह या रशियन सर्जनने स्टेथोस्कोप लावल्यावर आला. पहिला ठोका ऐकू आला तो वरचा, आवाज नाहीसा झाला तो खालचा. आजही पाऱ्यावर हेच करतात. हवा सेकंदाला दोन-तीन मिलिमीटरने सोडायची. घाईत भसकन सोडली की वरचा कमी लागतो, खालचा जास्त. आणि काही वयस्कर, बीपीवाल्या माणसांत आवाज मध्येच गायब होऊन परत येतो. आधी नाडी चाचपून अंदाज घेतला नाही तर त्या मधल्या खड्ड्यात उतरून वरचा आकडा ३०-४० ने कमी लिहिला जातो. तेव्हा सेल नाही, चिप नाही हे खरं, पण त्यांची जागा माणसाचे कान आणि धीर घेतात. दोन्ही ओपीडीच्या गर्दीत कमी पडतात.

एक गंमत सांगतो. पाऱ्याच्या पट्टीवर रेघा दोन-दोन मिलिमीटरवर असतात. तरी पर्च्यावर पाऱ्याच्या मशीनचं १३५/८५ लिहिलेलं मी खूप बघितलंय. १३५ ला रेघच नाही! आणि एखादा रजिस्टर उघडा, निम्म्या माणसांचं बीपी शून्यावर संपतं.

डिजिटल वेगळ्या वाटेने जातं. पट्टा सुटताना त्याच्या हवेत धमनीचे बारीक हेलकावे येतात. ते वाढत जातात, एका जागी सगळ्यात मोठे होतात, मग ओसरतात. सगळ्यात मोठे जिथे, तो मधला दाब. मशीन खरं मोजतं ते हे. वरचा आणि खालचा त्यावरून हिशेबाने काढतं, आणि तो हिशेब प्रत्येक कंपनी स्वतःजवळ ठेवते. म्हणून दोन कंपन्यांची दोन चांगली मशीनं एकाच दंडावर वेगळे आकडे देऊ शकतात. नाडी अनियमित असेल, एट्रियल फिब्रिलेशन वगैरे, तर हेलकावे लहानमोठे होतात आणि हिशेब चुकतो. तिथे तीन-चारदा मोजून सरासरी घ्यायची किंवा कानाने मोजायचं.

एका मागोमाग तीन वेगळे आकडे येतात ते बहुधा मशीनचं पाप नसतं. बीपी ठोक्याठोक्याला बदलतंच. मधे मिनिटभर थांबा.

लोक मशीन घेऊन येतात, "कॅलिब्रेट करून द्या." आम्ही टी-जोडणी लावून प्रमाण मीटरशी ताडतो, १००, १५०, २०० ला तीनच्या आत फरक असला की पास. यात फक्त आतला दाबाचा सेन्सर तपासला जातो. हिशेब बरोबर आहे की नाही ते माणसांवरच तपासावं लागतं, आणि ते त्या मॉडेलचं एकदा झालेलं असतं किंवा नसतं. आयएसओ ८१०६०-२ नावाचं मानक आहे: किमान ८५ माणसं, कानाने मोजलेल्याशी सरासरी फरक पाचच्या आत आणि विखुरणं आठच्या आत. स्ट्राइडबीपीच्या संकेतस्थळावर अशी पास झालेली मॉडेलं फुकट बघता येतात. घेताना डब्यावरची जाहिरात वाचण्यापेक्षा मॉडेल नंबर तिथे टाकून बघा. डायलवालं काट्याचं मशीन सगळ्यात लवकर बिघडतं, एकदा पडलं की काटा सरकतो आणि बाहेरून काही कळत नाही. ते सहा महिन्यांनी तपासून घ्यावं.

मनगटाचं मशीन हात छातीवर हृदयाजवळ धरला तरच बोलायच्या लायकीचं, आणि तरीही दंडाचंच बरं. घड्याळातल्या बीपीवर औषध ठरवू नये. युरोपियन हायपरटेन्शन सोसायटीने २०२३ च्या मार्गदर्शनात पट्टा नसलेल्या यंत्रांना नकोच म्हटलंय. त्यातली पुष्कळशी पट्ट्याच्या मशीनवरून आकडा भरूनच चालू होतात, मग त्याच्या आसपास घुटमळतात.

आणि दादा, ते पितळी बिजागरीचं मशीन प्रेमाने कपाटात ठेवा, पण फुटलं तर झाडू मारू नका, व्हॅक्यूम लावू नका, घंटागाडीत टाकू नका. पारा विषारी आहे. पाऱ्याचा वापर कमी करायच्या २०१३ च्या मिनामाता करारात बीपीची पाऱ्याची मशीनं बंद करायच्या यादीत आहेत, भारतानेही २०१८ मध्ये करार मंजूर केला. त्यात दम नव्हता म्हणून पारा गेला असं नाही. नीट वापरला तर तो आजही कसोटीचा दगड आहे.

दाणाओळीचा_दादा

शून्यावर संपणाऱ्या आकड्यांचं पटलं. वडिलांच्या जुन्या डायरीत काढून बघितलं, सगळीकडे १४०, १५०, ९०. कसोटीचा दगड म्हणालात तेवढ्यावर मी समाधानी आहे.

मुरारहून_मी

मध्येच घुसतो. माझं डायलिसिस चालू आहे, डाव्या हाताला फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी ऑपरेशनने जोडलेल्या रक्तवाहिन्या. त्या हाताला पट्टा लावू द्यायचा नाही, हे मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं, तरी कुठल्याही दवाखान्यात गेलं की पहिला हात तोच ओढतात. मोठ्याने सांगावं लागतं. कुणाच्या घरी असा पेशंट असेल तर सोबत जाणाऱ्यानेही लक्षात ठेवावं.

निवृत्त_सिस्टर

मुरारहून, बरोबर. स्तनाच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढलेल्या असतील तर त्या बाजूचा हातही शक्यतो टाळतात. दोन्ही हात चालत नसतील तर पायावर मोजता येतं, पण मग पट्टा पायाच्या मापाचा लागतो आणि आकड्याचा अर्थही वेगळा लावतात, ते डॉक्टरांवर सोडावं.

सूनबाई, मशीन लावायला जाताना: सैल पूर्ण बाहीचा सदरा घालून ने, पट्टा आत आणि स्वेटर वरून. ज्या हाताने लिहितात-जेवतात तो सोडून दुसऱ्या हाताला. नोंदवताना "बीपीचं" असं सांग. इकडे सगळे सरसकट होल्टर म्हणतात, आणि होल्टर ईसीजीचं असतं. मशीन दिवसा पंधरा ते तीस मिनिटांनी फुगतं. फुगलं की हात जिथे आहे तिथे सैल सोडायचा, बोलायचं नाही. अण्णांना हे सांगणं अवघड जाईल असं दिसतंय. त्या दिवशी नेहमीसारखंच राहायचं, दुकानात, देवळात, भाजीला. दिवसभर रजईत बसवून ठेवलंस तर रजईतलं बीपी मिळेल. झोपायची, उठायची, गोळीची वेळ कागदावर लिही. दिवसाची निदान वीस आणि रात्रीची सात मोजणी नीट निघाली तरच रिपोर्ट धरतात. अंघोळ दुसऱ्या दिवशी.

घरच्या वहीसाठी: सकाळी गोळीच्या आधी दोनदा, संध्याकाळी दोनदा, मधे एक मिनिट, सलग सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी. वर महिना लिही. थंडीत बीपी चढतं, उन्हाळ्यात उतरतं, आणि आपल्या ग्वाल्हेरच्या जानेवारीत आणि मे महिन्यात किती अंतर आहे ते तुला सांगायला नको. हिवाळ्यात वाढवलेली गोळी मे महिन्यात तशीच चालू राहिली आणि माणूस चक्कर येऊन पडला, असे पेशंट आमच्याकडे दर उन्हाळ्यात यायचे.

जनकगंजची_सून

सगळ्यांचे आभार. तपासणी करून घेतली, रिपोर्ट आला, आणि आम्ही समजत होतो तसा तो निघाला नाही.

आधी दंड: ३६ सेंटिमीटर. घरच्या मशीनच्या पट्ट्यावर २२ ते ४२ छापलंय, म्हणजे चालतो. दवाखान्यातला २२ ते ३२ चा होता. या वेळी मोठा पट्टा मागितला, दहा मिनिटं बसवलं, बाही काढली, हात टेबलावर: १४४/८२. दोन हातांत सहाचा फरक.

चोवीस तासांचं: जागेपणी सरासरी १३१/७६. झोपेत १३६/७४. दिवसाचं बघून मी खूश झाले होते, डॉक्टर मात्र रात्रीच्या आलेखावर थांबले. झोपेत दहा ते वीस टक्के उतरायला हवं होतं, इथे उलट चढलंय म्हणाले. घोरतात का, विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "घोरतात? मधेच श्वास अडकतो, मी हलवून उठवते." हे इतकी वर्षं कुणी बोललंच नव्हतं. रात्री लघवीलाही उठतात. झोपेची तपासणी आणि किडनीसाठी रक्त-लघवी लिहून दिलीय. वर हेही बाहेर आलं की गुडघ्यांसाठी मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणून अण्णा रोज घेतात. डॉक्टर म्हणाले तीही बीपी वाढवते, बंद.

दाणाओळीचा_दादा

रात्री चढतं तर सकाळची गोळी रात्री द्या ना. सोपं आहे.

निवृत्त_सिस्टर

दादा, थांबा. ब्रिटनमध्ये टाइम नावाचा मोठा अभ्यास झाला, २०२२ मध्ये छापला. वीस हजारांवर माणसं, निम्मी सकाळी गोळी घेणारी, निम्मी संध्याकाळी. हार्ट अटॅक, पक्षाघात, हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकाराने मृत्यू, यांत फरक पडला नाही. ठरावीक माणसाची वेळ डॉक्टर बदलतीलही, पण ते त्यांना ठरवू दे. श्वास अडकत असेल तर कारण तिथे असेल, आणि त्याचा इलाज गोळीची वेळ बदलून होत नाही.

सूनबाई, रिपोर्ट बघताना एक विचार: अण्णा ज्या वेळांना लघवीला उठले त्या वेळा कागदावर होत्या का? उठलेल्या वेळची मोजणी झोपेच्या सरासरीत धरली गेली असेल तर आकडा थोडा वर जातो. श्वास अडकण्याची गोष्ट खरी असेल तर त्याने फार फरक पडणार नाही, तरी वेळा डॉक्टरांना दाखव.

आणि औषधात काही बदल होण्याआधी हे करून ठेव. रात्री उठणारा ७४ वर्षांचा माणूस आहे, पडायला नको. अण्णांना पाच मिनिटं आडवं पडू दे, मोज. मग उभं करून एका मिनिटाने मोज, परत तिसऱ्या मिनिटाला. हाताला आधार दे, पट्टा हृदयाच्या पातळीलाच, आणि शेजारी कुणीतरी उभं राहा. वरचा वीसने किंवा खालचा दहाने उतरला तर डॉक्टरांना त्याच दिवशी फोन कर. वहीत याला वेगळा रकाना आख, रोजच्या आकड्यांत मिसळू नकोस.